वाकळीचं पोट

हुंग्यासमोर न्यायच्या आदल्या दिवशी सुलक्षणा तोडणकरने वाकळ उन्हात घातली, आणि घातली ती सगळ्या छावणीला दिसेल अशी. पत्र्याच्या शेडींच्या मधोमध दोन खांबांना दोरी बांधून, पार ताणून. बघायचंय त्यांनी बघा. सरकारी ब्लँकेटं पांघरून मोठं झालेलं घर नव्हे हे. खारनिव्याच्या तोडणकरांची वाकळ आहे.

खारनिवे मात्र आता नव्हतं. समुद्राने ते एका रात्रीत गिळलं असतं तर निदान बोंब तरी मारता आली असती. त्याने सावकाश खाल्लं. आधी खाडीकाठची भातशेती खारवली, मग विहिरी, मग माड उभ्याउभ्या वाळले, आणि शेवटी भरतीचं पाणी पडवीत येऊन बसलं, उठायचं नाव घेईना. तालुक्याची कचेरी दप्तरासकट बुडाली. संगणकावर नोंदी होत्या, पण घराच्या आशेने लोकांनी त्यात इतक्या खोट्या नोंदी घुसवल्या की सरकारने सगळ्याच रद्द केल्या.

वर सड्यावर, कातळाच्या उंच माळावर, नवं गाव बांधलं जात होतं. घरं थोडी, माणसं उदंड. म्हणून नियम असा की जी कुटुंबं पिढ्यान् पिढ्या या किनाऱ्यावर राहिली, ती आधी. ज्यांचं तसं ठरत नाही त्यांना घाटापलीकडच्या उघड्या छावणीत पाठवायचं. तिकडे गेलेल्यांचे फोन आधी रोज यायचे, मग सणासुदीला, मग बंद.

सुलक्षणाचा मुलगा विहान त्याच नव्या गावात गवंड्यांच्या हाताखाली होता. रोज दुसऱ्यांच्या भिंती बांधून संध्याकाळी पत्र्याखाली झोपायला यायचा. घर मिळणार का, हे विचारायची त्याची हिंमत नव्हती. आईकडे नुसता बघायचा, आणि तेच तिला जास्त लागायचं.

आणि ठरवणार कोण, तर हुंग्या. सरकारी नाव स्थलवेध यंत्र, पण वस्तू हुंगून ती कुठली ते सांगतं म्हणून छावणीने त्याचं बारसं केलं होतं. ते चालवणारी गार्गी उकिडवे नावाची बाई एकदा छावणीत येऊन समजावून गेली होती. चष्मेवाली, तरुण, पण बोलायची सरळ.

"दाणा जिथे पिकतो तिथलं पाणी पितो," ती म्हणाली होती. "पाणी खडकातून झिरपतं, आणि प्रत्येक खडकात स्ट्रॉन्शियम नावाचं द्रव्य असतं, थोडं हलकं, थोडं जड. सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. खडकांच्या मानाने तो पोरगेलाच, त्यात जड कमी. गोव्याकडचे खडक म्हातारे, त्यात जड जास्त. हिमालय झिजून गंगेतून जो गाळ वाहतो, त्यात त्याहून वेगळं. दाण्यात हे प्रमाण एकदा बसलं की शंभर वर्षांनीही हलत नाही. आमचं यंत्र केसाएवढी सुई घालतं, दाण्याचा कण जाळतं, धूर तोलतं आणि तो कुठल्या मातीत वाढला ते सांगतं."

"आणि कापड?" सुलक्षणाने विचारलं होतं.

"कापड शेवटी ज्या पाण्यात धुतलं त्याचंच नाव सांगतं, आजी. तुमची सगळ्यांची कापडं टँकरचं नाव सांगतील."

लोक हसले. सुलक्षणा हसली नाही. ती मनातल्या मनात वाकळीचे थर चाचपत होती.

कारण तोडणकरांच्या वाकळीला पोट होतं. घरात आलेली सून पहिल्या बाळंतपणाआधी वाकळीवर आपल्या जुन्या साडीचा थर चढवायची, चारी बाजूंनी धावदोरा घालायची, आणि शेवटचा कोपरा शिवण्याआधी आत एक पुडी ठेवायची. पुडीत माहेरच्या धान्याचे चार दाणे आणि सासरच्या चुलीच्या मातीची भाजलेली गोळी. वाकळीचं पोट उपाशी ठेवून तोंड शिवायचं नाही. उपाशी वाकळ ऊब देत नाही, आणि जिचा दाणा आत नाही ती बाई त्या घरात पाहुणी.

सगळ्यात वरचा थर सुलक्षणाचा होता. तिचं माहेर पलीकडच्या काठावर, होडीने जाण्याइतकं. छावणीत सगळे सांगत होते, हुंग्या वरचाच थर वाचतो. म्हणजे काम फत्ते. वरचा दाणा किनाऱ्याचा, घर किनाऱ्याचं.

एवढ्यात मागून आवाज आला. "आये, माझा एक साडी घालू वाकळीवर?"

झर्ना. विहानची बायको. गंगेच्या मुखाशी एका बेटावर जन्मली. बेट बुडालं तशी माणसं बोटीत भरून इकडे बंधाऱ्याच्या कामावर आणली गेली. तिथे विहान होता, आणि पुढचं सांगायला नको. आता सातवा लागला होता.

"तांदूळ आहे माझ्याकडे," झर्ना म्हणाली. पदराची गाठ तिने मुठीत धरली होती. "बापाच्या शेताचा. बाळ यायच्या आधी पोट भरायचं, तुम्हीच सांगितलं होतं."

"सांगितलं होतं. तेव्हा हुंग्या नव्हता."

"उद्या वाकळ दिली की ते लोक पुरावा म्हणून ठेवून घेणार. संग्रहालयात. मग माझा दाणा कधी?"

"अगो बाय, डोकं चालव जरा. तुझा दाणा वर आला की हुंग्या म्हणणार, हे घर बंगालचं. मग आपण सगळे घाटापलीकडे. तुला तुझा दाणा हवा की तुझ्या पोराला छप्पर?"

झर्नाने गाठ आणखी घट्ट धरली. ती बोलत नाही हाच सुलक्षणाला तिचा मोठा दोष वाटायचा. भांडणाऱ्या माणसाचं निदान कळतं तरी.

"आणि तसंही," सुलक्षणाने सोडलं नाही, "बंधाऱ्यावर सूत जमवून आलेल्यांसाठी नाही ती रीत."

हे बोलायला नको होतं. बोलून झाल्यावर तिलाही कळलं. पण तेवढ्यात टँकरचा भोंगा वाजला, आणि टँकरपाशी सुलक्षणा नसली तर तोडणकरांच्या वाट्याला तळाचा गाळ येतो, हा अनुभव होता. ती हंडे उचलून तरातरा गेली. तिथे नेहमीसारखं भांडण झालं, नेहमीसारखी ती जिंकली, आणि परत आली तेव्हा वाकळ घडी घालून खाटेवर ठेवलेली होती.

"दव पडेल म्हणून काढली," झर्ना म्हणाली.

भर दुपारी दव. पण हंड्यांनी हात भरून आले होते. सुलक्षणाने तिकडे लक्ष दिलं नाही.

*

हुंग्या संग्रहालयात ठेवला होता. दालनाचं नाव मोठं भारदस्त, स्थलांतराचा इतिहास की काय. भिंतीभर चित्रं होती. दुष्काळात गाई हाकत निघालेली माणसं, धरणाखाली गेलेल्या गावातले लोक देव डोक्यावर घेऊन निघालेले, फाळणीतल्या आगगाडीच्या टपावरची गर्दी. चित्रांवर पिवळा मंद उजेड आणि आत गारवा. बाहेर मात्र रखरखत्या उन्हात छावणीवाल्यांची रांग.

"बघ," सुलक्षणा झर्नाला म्हणाली, "चित्रातल्या माणसांना थंड हवा, खऱ्यांना रांग. आपल्याला कुणीतरी रंगवलं असतं तर बरं झालं असतं."

झर्ना ऐकत नव्हती. कोपऱ्यात तिच्या मुलखातला एक लांबलचक कागदी पट उलगडून लावला होता. त्यात निळ्या लाटा, होडी आणि होडीत दाटीवाटीने बसलेल्या मोठ्या डोळ्यांच्या बायका. एकीच्या पदराला गाठ होती. झर्ना ती गाठ बघत होती आणि तिचा चेहरा कागदासारखा झाला होता.

"बरं वाटत नाही का गो?"

"आये, एक सांगायचं होतं..."

"तोडणकर!" आतून पुकारा झाला.

टेबलाशी गार्गी उकिडवे होती, आणि तिच्याशेजारी पुनर्वसन अधिकारी मोहिते. चांगल्या इस्त्रीचा, थकलेल्या डोळ्यांचा माणूस. दिवसभर खोटं ऐकून ऐकून खऱ्याचाही वीट आलेला. वाकळ काचेखाली पसरली. आधी तिची सावली पडद्यावर उमटली, आणि कोपऱ्याकोपऱ्यात पुड्यांचे ठिपके उजळले. सुलक्षणा ते बोटाने मोजायला लागली. हा माझा, हा सासूबाईंचा, हा त्यांच्या सासूचा...

एक ठिपका जास्त होता.

"सगळ्यात नवीन हा दिसतोय," गार्गी म्हणाली. "याच्यापासून सुरुवात करू आणि खाली खाली जाऊ."

"खाली?" सुलक्षणाने मोजणारं बोट मागे घेतलं. "वरचाच वाचतात ना?"

"कुणी सांगितलं? सगळे थर वाचायचे असतात."

सुई शिरली. बारीक धुराची रेघ काचेच्या नळीत ओढली गेली. पडद्यावर देशाचा नकाशा आला, त्यावर एक लाल टिंब इकडेतिकडे भिरभिरलं आणि पार दुसऱ्या टोकाला, गंगेच्या मुखाशी जाऊन बसलं.

सुलक्षणाने वळून सुनेकडे पाहिलं. झर्ना दोन्ही हात पोटावर धरून जमिनीकडे बघत होती. भर दुपारचं दव म्हणजे हे होतं तर.

मोहित्यांनी उसासा टाकला. "भेसळ," ते म्हणाले. "हे रोजचं झालंय. बघा बाई, बाहेरच्या कुणी हे तुमच्या नकळत घातलं असेल तर तसं सांगा. आम्ही ही पुडी वगळून पुढे वाचू, तुमचा दावा तसाच राहील. ज्याने घातली त्याची चौकशी वेगळी होईल. पुराव्यात ढवळाढवळ आहे ही, त्या माणसाला इथे ठेवता येणार नाही."

त्या माणसाला. म्हणजे हिला. सातव्या महिन्यात, एकटीला, घाटापलीकडे.

किती सोपं होतं. "माझ्या नकळत" हे दोनच शब्द, आणि ते शंभर टक्के खरे. विहानला काय सांगायचं ते नंतर बघता आलं असतं. सुलक्षणाचा संताप टाळूपर्यंत चढला होता. हिने चोरून वाकळ उसवली, माझ्याच दोऱ्याने शिवली, आणि घरादाराला सुळावर चढवलं. तिने तोंड उघडलं. तेवढ्यात काचेखालचा तो कोपरा तिच्या नजरेत भरला. घाईत शिवलेला होता, पण टाके बारीक, एकसारखे, एकाला एक लागून. लाल काठाच्या साडीचा हातभर तुकडा. तेवढीच साडी तिला मिळाली असेल, तेवढाच वेळ. पण पोट भरलं होतं तिने. उपाशी नव्हती ठेवली.

आणि हा इस्त्रीवाला त्याला भेसळ म्हणत होता.

"भेसळ दुधात होते, साहेब," सुलक्षणा म्हणाली. "नाहीतर तुमच्या रेशनच्या डाळीत. माझ्या वाकळीत होत नाही. ते माझ्या सुनेचं माहेर आहे."

"म्हणजे तुमच्या परवानगीने घातलं?"

"मग काय, तुमच्या?"

झर्नाने मान वर केली. मोहित्यांनी खांदे उडवले. "ठीक आहे. मग वगळता येणार नाही. हिशेबात धरावं लागेल."

पुढची पुडी सुलक्षणाची. टिंब कोकणपट्टीवर येऊन बसलं तेव्हा तिला जरा श्वास आला. मग सासूबाईंची. ज्वारीचे दाणे, टिंब थेट घाटावर, काळ्या कातळाच्या कोरड्या मुलखात. त्याखालची पुडी गोव्याच्या म्हाताऱ्या खडकांत. त्याखालचा तांदूळ तर पूर्वेकडच्या जंगलपट्ट्यात, कुठल्या दुष्काळात की दंग्यात ती बाई तिथून निघाली आणि कशी इथवर आली, देव जाणे. प्रत्येक सुईसरशी टिंब नव्या मुलखात उडी मारत होतं, आणि प्रत्येक उडीला सुलक्षणाचं नवं घर एकेक कोस लांब जात होतं.

"ही वाकळ किनाऱ्यावर राहिली तरी कधी?" मोहिते म्हणाले.

मग सुलक्षणाने सगळी रीत सांगितली, माहेरचा दाणा, सासरची गोळी, उपाशी पोट. आवाज चढवून सांगितली, कारण आवाज खाली आला असता तर फुटला असता.

"सांगतात सगळेच काही ना काही," मोहिते म्हणाले, पण कुत्सितपणे नाही. "माझंही चुकलं तर दुसऱ्या कुणाचं घर जातं, बाई."

गार्गी पडद्याजवळ गेली होती. "प्रत्येक पुडीत हे खड्यासारखं काहीतरी आहे. मी कचरा समजून सोडत होते. थांबा." तिने सुई पुन्हा फिरवली. पहिली गोळी, दुसरी, तिसरी. या वेळी टिंब उड्या मारत नव्हतं. दर वेळी ते त्याच एका जागी येऊन बसत होतं. जांभ्याची माती, समुद्राचं मीठ मुरलेली. खारनिवे.

"बघा!" सुलक्षणा ओरडली.

"बघितलं," मोहिते म्हणाले. "पण दाणा माणूस राहतो तिथला खातो, आणि माती लोक आठवण म्हणून कुठूनही नेतात. यातलं राहतं घर कुठलं आणि आठवण कुठली, हे कशावरून ठरवायचं? तुमचंच म्हणणं घ्यायचं?"

सुलक्षणाने काचेवर आपल्या कोपऱ्यापाशी बोट टेकवलं.

"माझी पुडी बघा की," ती म्हणाली. "माझं माहेर मी सांगते ना, पलीकडचा काठ."

"तुमची पुडी गप्प आहे, आजी," गार्गी म्हणाली. "अलीकडचा काठ, पलीकडचा काठ, खडक एकच. दाणा आणि गोळी सारखंच बोलतात. त्यावरून काहीच ठरत नाही."

"माझी पुडी गप्प?"

इतक्या भीतीतही झर्नाला हसू फुटलं. तिने पदर तोंडावर धरला.

गार्गी मात्र तिच्याकडे टक लावून बघत होती. "तुमची नोंद बंधाऱ्याच्या कामावर झाली होती ना? बोटांच्या ठशांसकट? बेटाचं नाव घालून?"

झर्नाने मान हलवली.

"सर, यंत्र बसवताना आम्ही आधी ठाऊक असलेला नमुना तोलतो. त्याचं उत्तर माहीत असतं, म्हणून बाकीच्यांची उत्तरं कळतात. इथे एकच पुडी अशी आहे की जिच्या बाईचं माहेर सरकारच्याच नोंदीत आहे. ती कुठून आली ते आपल्याला या आजींनी सांगायची गरज नाही. आता हिच्या पुडीत गोळी आहे का बघू."

सुई त्या लाल काठाच्या कोपऱ्यात पुन्हा शिरली. सुलक्षणाला कळेना, हिने गोळी आणली कुठून? छावणीत चूल नाही, विजेची शेगडी. आणि मग तिच्या ध्यानात आलं. खारनिवे सोडताना तिने आपल्या चुलीचं एक ढेकूळ फोडून आणलं होतं. देवांशेजारी ठेवून रोज हळदकुंकू वाहायची.

"देवापुढची घेतली," झर्ना पुटपुटली. "नखाएवढी."

"चोरटी," सुलक्षणा तितक्याच हळू म्हणाली, आणि तिचा हात घट्ट धरला.

टिंब भिरभिरलं. क्षणभर वाटलं ते घाट चढणार. मग ते खाली घसरलं आणि खारनिव्यावर येऊन ठरलं.

"दाणा माहेरचा, माती सासरची," गार्गी म्हणाली. "ही पुडी नसती तर बाकीच्या मला वाचता आल्या नसत्या."

मोहित्यांनी कागद पुढे ओढला. "वर पाठवतो," ते म्हणाले. "मला पटलंय. पण मला पटून भागत नाही."

*

निकाल येईपर्यंत सुलक्षणाने टँकरवर एकही भांडण केलं नाही, आणि त्यानेच छावणी जास्त घाबरली. रोज कुठल्या ना कुठल्या शेडीचं सामान ट्रकमध्ये चढायचं. ट्रक उजवीकडे वळला तर सड्यावर, डावीकडे वळला तर घाटाकडे. सुलक्षणा दारात उभी राहून नुसती वळण बघायची. झर्नाशी ती त्या पुडीबद्दल एक शब्द बोलली नाही. फक्त एकदा तिच्या पानात माशाची मोठी तुकडी वाढून म्हणाली, "खा. पोट उपाशी ठेवून शिवायचं नसतं."

त्यांचा ट्रक उजवीकडे वळला.

वाकळ मात्र संग्रहालयातच राहिली. सोडवायला सुलक्षणा गेली नाही, बघायला गेली, तेही नात झाल्यावर, तिला दुपट्यात गुंडाळून. त्या कागदी पटाच्या शेजारीच वाकळ काचेमागे टांगली होती. बाजूला नकाशा होता. प्रत्येक पुडीपासून एक रेष निघाली होती, कुठून कुठून, घाटावरून, गोव्यावरून, जंगलातून, गंगेच्या मुखातून. सगळ्या रेषा एका ठिपक्याला येऊन मिळत होत्या, आणि तो ठिपका नकाशाच्या निळ्या भागात होता. समुद्रात.

"इथे तर काहीच नाही," शेजारचा कुणी प्रेक्षक म्हणाला.

सुलक्षणाने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि दुपट्यातली नात सावरून ती घरी आली.

घरी येऊन तिने विहानला कामावरून रंगाचा एक रिकामा मोठा ड्रम आणायला लावला. तो आडवा कापला. सड्यावरची लाल माती चाळून भरली. मग हात पुढे केला.

"आण."

"काय, आये?"

"सगळे दाणे वाकळीत घातले नाहीस तू. मी ओळखते तुला. गाठ अजून आहे पदराला."

झर्ना चोरी पकडल्यासारखी उभी राहिली. मग तिने गाठ सोडली. बारीक, तांबूस, खाऱ्या पाण्यात तग धरणारा तांदूळ, मूठभरही नव्हता.

"जुना आहे," ती म्हणाली. "मातीसुद्धा वेगळी. उगवलं नाही तर?"

सुलक्षणाचे हात थांबले. तिला स्वतःलाही तीच धास्ती होती, पण ती सुनेला दाखवायची म्हणजे अतीच झालं.

"न उगवून जातंय कुठे!" ती म्हणाली आणि अंगठ्याने मातीत भोक पाडलं. "ह्या कार्टीलाही उद्या कुणाच्या तरी घरी जाऊन वाकळीचं पोट भरायचंय. तेव्हा ती दाणे कुठले नेणार? आणि माहेर कुठलं असं कुणी विचारलं, तर काय टँकरचं नाव सांगेल?"